राष्ट्रीय फर्निचर डिझाइन स्पर्धेत उतरताना: बेळगाव सीमाभागातल्या सुतारांचे आणि विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात चांगला हात असलेले सुतार गावोगावी आहेत. तरी राष्ट्रीय स्पर्धेचा विषय निघाला की बहुतेक जण “ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम” म्हणून बाजूला होतात. मला हे मुळीच पटत नाही. वस्तू घडवण्याचा अवघड भाग आपल्या माणसांना येतो. राहतं ते आखणी, छायाचित्रं, लाकडाची बिलं आणि दोन पानांचं टिपण. ते शिकता येतं. त्याबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

फर्निचरसाठी देशपातळीवर नेमकं काय काय आहे?

वाटा तीन-चार आहेत. त्यांची गल्लत झाली की मेहनत भलत्या ठिकाणी जाते.

एक वाट उत्पादनाची. केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केलं. त्यातून इंडिया डिझाइन कौन्सिल उभी राहिली आणि तिच्याकडून ‘इंडिया डिझाइन मार्क’ दिला जातो. जपानमध्ये १९५७ पासून चालत आलेल्या गुड डिझाइन सन्मानाच्या धर्तीवर, तिथल्याच संस्थेच्या सहकार्याने ही पद्धत बसवली आहे. इथे बाजारात विकली जाणारी, पुन्हा पुन्हा तशीच बनवता येणारी वस्तू लागते. हौसेने केलेला एकच नग कितीही देखणा असला तरी इथे बसत नाही.

दुसरी वाट हस्तकलेची. वस्त्रोद्योग मंत्रालयाचं विकास आयुक्त हस्तशिल्प कार्यालय १९६५ पासून कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देतं. कोरीवकाम, जडावकाम, लाखकाम असं हाताचं कसब ज्यांच्याकडे आहे त्यांनी हा विचार करावा. इथे एकच वस्तू पुरते, पण ती स्वतःच्या हातची हवी.

तिसरी वाट पोरांसाठी. इंडियास्किल्स या तरुणांच्या राष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत कार्पेंट्री, जॉइनरी आणि कॅबिनेट मेकिंग हे स्वतंत्र प्रकार आहेत. दिलेल्या ड्रॉइंगवरून, ठरलेल्या वेळेत, समोर उभं राहून काम करायचं असतं. राज्य, मग देश, आणि तिथून निवड झाली तर वर्ल्डस्किल्स ही जागतिक स्पर्धा. २०२४ ची राष्ट्रीय फेरी दिल्लीत झाली आणि जागतिक स्पर्धा फ्रान्समधल्या लिआँ शहरात. वयाची अट कडक असते, साधारण २२ वर्षांच्या आतली. त्यामुळे आयटीआयच्या पहिल्या वर्षीच मनावर घ्यावं.

यांच्याशिवाय मासिकं, प्रदर्शनं भरवणाऱ्या संस्था आणि कंपन्या आपापल्या स्पर्धा घेतात. त्यांत विद्यार्थी आणि व्यावसायिक असे गट असतात. नियम दरवर्षी बदलतात. गेल्या वर्षीचं पत्रक बघून कामाला लागू नका.

मी मिस्त्री आहे, डिझायनरची पदवी नाही. माझा अर्ज घेतात का?

हस्तकला पुरस्काराला पदवी लागत नाही, अनुभव लागतो. बऱ्याच खुल्या स्पर्धांत ‘व्यावसायिक’ या गटात स्वतःचं वर्कशॉप असलेला माणूस बसतो. काही ठिकाणी आर्किटेक्ट किंवा डिझाइन पदवीधर अशी स्पष्ट अट असते, तिथे पदवीधर जोडीदार घ्यावा लागतो. जोडीदार घेतला तर पुढे श्रेयाबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा.

धंद्याचा पुरावा मागितला तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, दाखवता येते. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. तिथलं प्रमाणपत्र आणि ओळखपत्रही पुरावा म्हणून जोडता येतं. शिवाय त्या योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांची मदत मिळते. पाच टक्के व्याजाने आधी एक लाखाचं आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्जही मिळतं. नमुना बनवायलाच भांडवल नाही अशी अडचण असेल तर हे उपयोगी पडतं.

घर निपाणीत, कॉलेज कोल्हापुरात. कुठल्या राज्यातून भरायचं ओ?

खासगी स्पर्धेत हा प्रश्नच येत नाही, भारतीय नागरिक असलं की झालं. राज्यवार फेऱ्या असलेल्या स्पर्धेत मात्र रहिवास धरतात की शिक्षणाचं ठिकाण, हे त्या वर्षीच्या नियमांत लिहिलेलं असतं. ते वाचून एकच राज्य निवडा आणि सगळे कागद त्याच राज्याचे लावा. पत्ता एका राज्याचा आणि बोनाफाइड दुसऱ्या राज्याचं, असं असेल तर एक ओळीचं कारण सोबत जोडा. दोन्हीकडून अर्ज भरून बघू, हा विचार करू नका.

आधारवर आडनाव वेगळं, पॅनवर वेगळं. चालतं का?

आपल्याकडची ही नेहमीची डोकेदुखी. मराठी आडनाव कन्नड नोंदीत जातं, तिथून इंग्रजीत येतं आणि मधल्या मधे त्याचं स्पेलिंग बदलतं. निवड होईपर्यंत कुणी बघत नाही. बक्षिसाची रक्कम बँकेत जमा करायची वेळ आली की अडतं. अर्ज बँक खात्यावर जसं नाव आहे अगदी तसंच भरा. बाकीच्या कागदांवरचा फरक नोटरीच्या प्रतिज्ञापत्रात नोंदवून ठेवा.

नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणारे दाखले कन्नडमध्ये असतात. अहमदाबाद किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला ते वाचता येत नाहीत. इंग्रजी भाषांतर नोटरीच्या शिक्क्यासह आधीच करून ठेवलं तर शेवटच्या दिवशी कोर्टाच्या आवारात धावपळ होत नाही.

टिपण मराठीत लिहिलं तर?

बहुतेक ठिकाणी इंग्रजी किंवा हिंदी लागतं. तरी पहिलं टिपण मराठीतच लिहा, असं मी प्रत्येकाला सांगतो. थेट इंग्रजीत लिहायला बसलेला माणूस पुस्तकी आणि पोकळ वाक्यं लिहितो. “हा पाट आईच्या गुडघ्यांसाठी चार बोटं उंच केला, पुढची कड गोल केली कारण मांडीला रुतत होती” हे मराठीत लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत गेलं तर परीक्षक थांबून वाचतो. भाषांतर कॉलेजातली कुणीही मुलगी किंवा मुलगा करून देईल. त्यांना एवढंच सांगा की भर घालू नका.

पाठवायला वस्तू कुठली निवडू?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा.

पहिल्यांदा भाग घेणारा माणूस बहुधा सगळ्यात जास्त कोरीवकाम असलेला सोफा किंवा सिंहासनासारखी खुर्ची निवडतो. हस्तकलेच्या पुरस्कारात कोरीवकामाला किंमत आहेच. डिझाइनच्या स्पर्धेत मात्र पहिला प्रश्न असतो, ही वस्तू कुणासाठी आणि त्या माणसाची कुठली अडचण ती सोडवते. या बाबतीत आपल्या भागासारखं भरलेलं शेत दुसरीकडे सहज सापडणार नाही.

निपाणीचं उदाहरण घ्या. तिथे तंबाखू आहे आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत. मांडीवर सूप घेऊन, जमिनीवर, दिवसभर मान खाली घालून बसायचं. कंबर आणि गुडघे जातात. त्यांच्यासाठी बैठक करायची तर तिला ऑफिसच्या खुर्चीचं कुठलंच माप चालत नाही. बूड जमिनीपासून थोडं वर उचललं आणि बैठक पुढच्या बाजूला जराशी उतरती केली की कंबर आपोआप सरळ राहते. पण उंची जास्त झाली तर सूप मांडीवर टिकत नाही. पान, तंबाखू, दोरा आणि कात्री हाताच्या टप्प्यात हवी. आणि संध्याकाळी ती बैठक खोलीत कुठे ठेवायची? कारण त्याच खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. एवढ्या अटी पाळून, दोन फळ्यांत आणि परवडणाऱ्या किमतीत कुणी बैठक केली, तर ते डिझाइन देशातल्या कुठल्याही परीक्षकासमोर ताठ मानेने ठेवता येईल.

शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकरांचं आसन, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत टेकायला लागणारं बाक, एका खोलीच्या शाळेत बसायला आणि झोपायलाही उपयोगी पडेल असा बेंच, हे सगळे असेच न सोडवलेले प्रश्न आहेत. घरातल्या जुन्या वस्तूंकडेही नव्याने बघावं. घडवंची, चौरंग, फडताळ, पाळणा, झोपाळा, देव्हारा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला देव्हारा हवा असतो, पण भिंत भाड्याची असते आणि खिळा मारता येत नाही. हीसुद्धा अडचणच आहे.

वस्तू ठरल्यावर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना महिनाभर वापरायला द्या आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. परीक्षकाला दाखवण्यासारखा याहून चांगला पुरावा नाही.

मापं कुठली धरायची? इंटरनेटवरची चालतात का?

इंटरनेटवरची बहुतेक मापं युरोप-अमेरिकेच्या शरीरांची असतात. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचं संकलन प्रसिद्ध केलं, ते डिझाइन कॉलेजांच्या ग्रंथालयात बघायला मिळतं. तेही नाही मिळालं तर ज्यांच्यासाठी वस्तू आहे अशा दहा-बारा जणांना बसवून टाच ते गुडघ्यामागची उंची, कमरेची रुंदी आणि हाताचा टप्पा मोजा. तो तक्ता अर्जाला जोडा. खुर्चीची बैठक कमी उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकतील अशी ठेवली की उंच आणि बुटका दोघांचंही भागतं. उंच ठेवली तर कमी उंचीच्या बाईचे पाय लोंबकळतात आणि मांडीखाली रग लागते.

भारतीय मानक ब्यूरोने फर्निचरसाठी २०२२ मध्ये वेगळी मानकं काढली आहेत. सर्वसाधारण खुर्च्या आणि स्टुलांसाठी आयएस १७६३२, टेबलांसाठी आयएस १७६३३. मजबुतीची चाचणी कशी घेतात हे त्यांत कळतं. प्लायवूड वापरत असाल तर साध्या वापराला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० हे आकडे शिक्क्यावर असतात, ते टिपणात नमूद करा.

परीक्षक वस्तू हातात घेतल्यावर काय तपासतात?

पालथी घालून बघतात. पुढून सगळेच पॉलिश करतात. खालची बाजू, खणाच्या आतली बाजू, पाठ, तिथे कारागीर कळतो.

मग सांधे. खुर्चीत सगळ्यात जास्त ताण मागच्या पायाला बाजूची पट्टी जिथे भेटते तिथे येतो, कारण माणूस रेलतो आणि मागचे दोन पाय टेकवून झुलतोही. तिथे साल-कुसू, म्हणजे एका लाकडाची जीभ (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवण्याचा जोड, नीट, घट्ट आणि पुरेशा खोलीचं हवं. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश ठेवण्याची जुनी रीत आजही खरी आहे. नुसत्या स्क्रूवर किंवा गमावर उभी केलेली खुर्ची छायाचित्रात सुंदर दिसते आणि परीक्षकाने रेलून बघितलं की करकरते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची, ती म्हणजे लाकडाची हालचाल, ओलाव्याने त्याचं फुगणं आणि आकसणं. लाकूड दाण्याच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. त्यातही ज्या फळीवर गाभ्याच्या कमानी दिसतात ती फळी उभ्या सरळ दाण्याच्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ठेवलेली फळी पाण्याने भरलेली असते. तिचं टेबल करून ते दिल्लीच्या एसी हॉलमध्ये नेलं की फळी आकसते. जोड उघडतात, तक्ता फाटतो. म्हणून पावसाळ्यात जोडकाम करायचं असेल तर लाकूड आधीच सुकवून घरात, वाऱ्यावर, पट्ट्या घालून थप्पी लावलेलं हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र विकत मिळतं, ते वर्कशॉपमध्ये असावंच. दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय कापू नये. रुंद फळी चौकटीत बसवताना खाचेत मोकळी ठेवा, गम लावू नका. टेबलाचा तक्ता पट्टीला घट्ट न ठोकता लांबट भोकातून स्क्रू घ्या, म्हणजे त्याला हलायला वाव राहतो. जुने मिस्त्री हे बोलून दाखवत नाहीत, पण करतात. तुम्ही केलं असेल तर टिपणात जरूर लिहा, कारण परीक्षकाला ते बाहेरून दिसत नाही.

लाकूड कुठलं वापरावं? सागवानच पाहिजे का?

सागवानाचं नाव दांडेलीमुळे आपल्या तोंडात बसलं आहे आणि ते योग्यच आहे. साग कमी हलतो, कीड कमी लागते, रंधा छान चालतो. वन खात्याच्या डेपोतल्या लिलावाचा माल असेल तर कागदही पक्के असतात. पण सगळ्यांनी सागच वापरावा अशी काही अट नाही. फणसाचा पिवळा रंग वयाबरोबर तांबूस-तपकिरी होत जातो, तो पॉलिशने झाकू नये असं माझं मत आहे. शिवणीचं लाकूड हलकं आणि स्थिर, पाळण्याला उत्तम. अकेशियाला पूर्वी कुणी फर्निचरमध्ये घेत नव्हतं, आता घेतात आणि नीट सुकवली तर सुंदर दाणा निघतो. बुरुडांचा बांबू, काथ्याची विण, मागावरचं जाड कापड हे लाकडाबरोबर वापरलं तर वस्तू आपल्या भागाची म्हणून ओळखू येते.

पाडलेल्या वाड्यातल्या तुळया आणि खांब घेतले तर लाकूड पुरतं मुरलेलं मिळतं. खिळे मात्र सगळे काढा, नाहीतर प्लेनर मशीनचं पातं जातं. पाडकामाच्या मालकाकडून सही केलेली पावती घ्या.

लाकूड नक्की कुठलं आहे याची शंका असेल तर बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी या केंद्रीय संस्थेकडे विचारावं. अर्जात ‘साग’ लिहून भलतंच लाकूड निघालं तर पुढचं सगळं संशयात येतं.

बांधावरचा स्वतःचा साग तोडला तर कायदा आड येतो का?

येतो. कर्नाटकात वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना सूट आहे, पण साग, शिसव, फणस तोडण्याआधी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. झाड माझं, जमीन माझी, हे कारण चालत नाही.

सीमेवर राहणाऱ्यांना दुसरा घोर वाहतुकीचा. चंदगडहून बेळगावला किंवा हल्याळहून गडहिंग्लजला लाकूड आणताना राज्य बदलतं. वाहतूक पास लागतो. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी राष्ट्रीय वाहतूक पासची ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली आहे, तिची माहिती आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळते. पास आणि बिल यांची प्रत अर्जाच्या फाइलमध्ये ठेवा. लाकूड कुठून आलं हा प्रश्न आता बहुतेक स्पर्धांत विचारतात, आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याचं पारडं जड होतं.

शिसवाबद्दल विशेष सांभाळा. शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वस्तू पुढे परदेशी प्रदर्शनाला जाण्याची शक्यता असेल तर शिसव टाळलेलं बरं, किंवा कागदपत्रांची तयारी आधी करा.

डिझायनरने काढलं, सुताराने बनवलं. नाव कुणाचं?

दोघांचं.

याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. कागदावरची रेघ खुर्ची होईपर्यंत शंभर निर्णय घेतले जातात, आणि ते पटाशी हातात असलेला माणूस घेतो. गाठ कुठल्या बाजूला ठेवायची, कमान फळीच्या कुठल्या भागातून काढायची, सांधा दिसू द्यायचा की लपवायचा. अर्जात ‘डिझाइन’ आणि ‘घडण’ असे दोन रकाने नसतील तर टिपणाच्या पहिल्याच ओळीत दोन्ही नावं लिहा. पॉलिश करणारा, वेताची विण करणारी, खरादावर पाय काढणारा यांचीही लिहा. प्रदर्शनात वस्तूजवळ पाटी लागते, तिचा मजकूर स्वतः पाठवा.

कायद्याचीही एक बाजू आहे. डिझाइन कायद्याप्रमाणे कुणी मोबदला देऊन दुसऱ्याकडून आपल्यासाठी डिझाइन करून घेतलं, तर मालक मोबदला देणारा ठरतो. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे देऊन तुमच्याकडून नवीन नमुना करून घेतला आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर उद्या तोच नमुना स्पर्धेला पाठवताना वाद होऊ शकतो. सुरुवातीलाच साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात: डिझाइन कुणाचं, स्पर्धेला कुणी पाठवायचं, बक्षीस कसं वाटायचं. नात्यातल्या माणसाबरोबर काम असेल तर हा कागद आणखीच गरजेचा, कारण तिथे मागाहून बोलता येत नाही.

स्पर्धेत दाखवलं आणि कुणी नक्कल केली तर?

आधी नोंदणी, मग प्रदर्शन. हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतं. डिझाइन कायदा २००० प्रमाणे नोंदणीसाठी डिझाइन नवीन लागतं, आणि अर्ज करण्याआधी ते प्रसिद्ध झालं असेल तर ते नवीन उरत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेलं छायाचित्रही याच्या आड येऊ शकतं. सरकारने अधिसूचित केलेल्या काही प्रदर्शनांना सवलत आहे, पण तिच्याही अटी आहेत, तिच्या भरवशावर राहू नका.

अर्ज कोलकात्याच्या डिझाइन नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन जातो. नोंदणीच्या वर्गवारीत फर्निचर सहाव्या वर्गात येतं. व्यक्तीसाठी अर्जाची सरकारी फी १,००० रुपये आहे. संरक्षण दहा वर्षांचं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं. हे संरक्षण आकाराला आणि दिसण्याला मिळतं. घडी होण्याची नवी युक्ती शोधली असेल तर ती पेटंटची बाब. आणि चौरंग, पाट, घडवंची यांच्या परंपरागत रूपावर कुणालाच मालकी सांगता येत नाही, ते सगळ्यांचं आहे. तुम्ही त्यात जे नवं घातलं तेवढंच तुमचं.

छायाचित्रं आणि ड्रॉइंग कशी असावीत?

पहिल्या फेरीत परीक्षक वस्तू बघत नाहीत, छायाचित्रं बघतात. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. सकाळचा मऊ उजेड, मागे साधी भिंत किंवा पांढरी चादर, कॅमेरा बैठकीच्या उंचीवर. उभं राहून वरून काढलेल्या छायाचित्रात खुर्ची बुटकी आणि वेडीवाकडी दिसते. समोरून, बाजूने, मागून, खालून, एका सांध्याचं जवळून, आणि एक माणूस वापरताना. रंग बदलणारे फिल्टर लावू नका, फणसाचा रंग फणसाचाच दिसू दे. लग्नाच्या अल्बमसारखी फुलं-पडदे मांडू नयेत.

ड्रॉइंगमध्ये तीन बाजू, एक छेद, मापं मिलिमीटरमध्ये. पूर्ण वस्तू एकास पाच प्रमाणात आणि मुख्य सांधा खऱ्या मापात. संगणक येत नसेल तर गुण्या आणि पट्टी घेऊन शिसपेन्सिलीने स्वच्छ काढलेलं चालतं. बेळगावात आर्किटेक्चरचे विद्यार्थी आहेत, एखाद्याला वर्कशॉपवर बोलवा. तो ड्रॉइंग काढेल आणि तुमच्याकडून सांधे शिकेल.

पाठवताना मोडलं तर?

स्पर्धेसाठी करायची वस्तू शक्यतो सुटी होणारी करा. पाय वेगळे, बैठक वेगळी. सोबत जोडायची चित्रं, लागणारी पाना-चावी आणि थोडे जादा स्क्रू द्या, कारण दिल्लीच्या हॉलमध्ये ती अनोळखी माणूस जोडणार आहे. एकदा शेजारच्याला काहीही न सांगता जोडायला लावून बघा. कोपऱ्यांना जुन्या गादीचा फोम, त्यावर पुठ्ठा, बाहेरून पट्ट्यांची चौकट. पॉलिश पुरतं वाळल्याशिवाय प्लॅस्टिक गुंडाळू नका, ते चिकटतं आणि डाग पडतात.

विक्री नसून प्रदर्शनासाठी चाललं आहे असं डिलिव्हरी चलन करा. किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा, प्रश्न येतो, तो माल भरण्याआधी वाहतूकदाराबरोबर मिटवा. परत आणायचा खर्च कुणाचा, हे नियमात बघायला बरेच जण विसरतात.

प्रवेश फी मागतात. फसवणूक असेल का?

फी मागितली म्हणजे फसवणूक असं नाही. परदेशातले काही नामांकित सन्मान तर निवड झाल्यावरही विजेत्यांकडून मोठी रक्कम घेतात, आणि तसं उघड सांगतात. बघायचं ते एवढंच की सगळे आकडे सुरुवातीला लिहिलेले आहेत का, परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, गेल्या वर्षीच्या विजेत्यांच्या वस्तू बघायला मिळतात का. अर्ज न करताच “तुमची निवड झाली आहे” असा फोन आला आणि ट्रॉफीसाठी पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.

मुलीला हेच शिकायचं आहे. कुठे पाठवू?

१९६१ साली सुरू झालेल्या अहमदाबादच्या एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फर्निचर आणि इंटिरियरचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेत चित्रकला आणि निरीक्षण तपासतात. मुंबईत आयआयटीचं आयडीसी हे डिझाइन विद्यालय १९६९ पासून आहे, तिथल्या पदवीसाठी बारावीनंतर यूसीड परीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडे स्पर्धा मोठी आहे, पण वर्कशॉपमध्ये वाढलेल्या मुलीला हत्यारांची ओळख असते, ती पुढे फार उपयोगी पडते. सुट्टीत तिला झाडलोट आणि सँडपेपरवरच ठेवू नका, रंधा आणि करवत हातात द्या.

निवड झाली. आता गिऱ्हाइकं फोन करू लागली, काय करावं?

नमुन्याची किंमत आधी ठरवून ठेवा. लाकूड, हार्डवेअर, पॉलिश, मजुरी आणि स्वतःचाही रोज त्यात धरा. सन्मान मिळाल्याच्या आनंदात पहिल्या दहा ऑर्डरी पडेल भावाने घेतल्या की अकरावीपासून भाव वाढवता येत नाही. महिन्याला किती नग नीट निघतील ते खरं सांगा आणि त्याहून जास्त घेऊ नका. दुसऱ्या वर्कशॉपला काम द्यावं लागलं तर मुख्य सांध्याचा लाकडी नमुना आणि साचे स्वतः करून द्या, तपासणी स्वतः करा. आणि निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका.